सहा ठिपके आणि एक हॉस्टेल

आपल्या नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये प्रत्येक बटणाशेजारी बारीक बारीक ठिपके आहेत. बघितलेत का कधी? मी अडीच वर्षं त्याच लिफ्टने चढउतार करते आहे, पण सबमिशनची फाइल छातीशी धरून लेट झालेल्या माणसाला आकडा दिसतो, ठिपके दिसत नाहीत. ते ठिपके माझ्या नजरेला पडले ते या वर्षी, आणि तेही एका फजितीमुळे. त्या फजितीतूनच या लेखाचा नायक मला भेटला. तर वाचकहो, आधी फजिती आणि मग नायक. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे मराठीत कुठे ठेच लागली तर सांभाळून घ्या. फ्रेंच नावांच्या उच्चारांबद्दल तर आधीच माफी!)

झालं असं, की आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्टसाठी अंध व्यक्तींकरता एक 'स्मार्ट काठी' बनवली. काठीला अल्ट्रासॉनिक सेन्सर, आतमध्ये मायक्रोकंट्रोलर, समोर अडथळा आला की बझर वाजणार. टेस्टिंग म्हणून डोळ्यांना ओढणी बांधून आम्ही हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चाललो. काठी मस्त वाजली. व्हायवा छान झाली, डिपार्टमेंटच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीसही मिळालं. त्याच प्रदर्शनात एक अंध गृहस्थ आपल्या भाच्याबरोबर आले होते. ते संगीत शिकवतात. आम्ही मोठ्या उत्साहाने काठी त्यांच्या हातात दिली. गर्दी होती, त्यामुळे काठी सारखी वाजायला लागली. मिनिटभर त्यांनी ती सहन केली आणि मग अगदी शांतपणे परत दिली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की रस्त्यावर त्यांचे कान हेच त्यांचे डोळे असतात, आणि आम्ही नेमके तेच बंद करून टाकले होते. मग त्यांनी विचारलं, ही बनवण्याआधी आम्ही कोणा अंध माणसाशी बोललो होतो का? आम्ही चौघी गप्प. चार महिन्यांत हा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

गेल्या वर्षी आपल्याकडे 'डिझाइन थिंकिंग'चं दोन दिवसांचं वर्कशॉप झालं होतं, आठवतंय ना? फळ्यावर पाच चौकोन होते. समोरच्याची अडचण त्याच्या जागी जाऊन समजून घ्या, नेमका प्रश्न ठरवा, भरपूर कल्पना सुचवा, स्वस्तातला नमुना बनवा, वापरून बघा आणि चुकलं की पुन्हा मागे या. हे सगळं गटाने, मिळून करायचं. आम्ही रंगीत चिकट चिठ्ठ्यांनी भिंत भरवली होती, सर्टिफिकेटंही घेतली होती. आणि तरी पहिलाच चौकोन आम्ही उडी मारून ओलांडला.

त्या रात्री रूमवर आल्यावर मी लुई ब्रेलबद्दल वाचायला बसले. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर एक धडा होता, तेवढीच ओळख. वाचता वाचता कळलं, की हे पाचही चौकोन त्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पूर्ण केले होते. तेव्हा 'डिझाइन थिंकिंग' हा शब्दही जन्माला आला नव्हता. आणि त्याने हे केलं ते आपल्यासारख्याच एका हॉस्टेलमध्ये, आपल्यापेक्षा लहान वयात! म्हणून या लेखात मी त्याला एकेरीच संबोधणार आहे. पंधराव्या वर्षी एवढं मोठं काम करणाऱ्या मुलाला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर कुव्रे नावाचं गाव आहे, तिथला. वडील सिमों-रेने घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे, आपल्याकडे जिनगर करतात तेच काम. आई मोनिक. चार भावंडांत लुई शेंडेफळ. घराला लागूनच वडिलांचं वर्कशॉप होतं, तिथे कातडं आणि धारदार हत्यारं. तीन वर्षांचा लुई एक दिवस तिथे खेळत होता. वडिलांसारखं कातड्याला भोक पाडायला गेला, आरी सटकली आणि डोळ्यात घुसली. जखमेत जंतुसंसर्ग झाला. अँटिबायोटिक्सचा शोध लागायला अजून शंभरावर वर्षं होती. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुई पूर्ण अंध झाला.

त्या काळात गरीब घरातल्या अंध मुलाच्या नशिबी बहुतेक वेळा भीक मागणंच यायचं. पण लुईचे आईवडील हातपाय गाळून बसणारे नव्हते. वडिलांनी त्याला काठी करून दिली. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार बनवले आणि ते बोटांनी चाचपायला शिकवलं, असं त्याच्या चरित्रांत वाचायला मिळतं. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवलं आणि गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसवलं. पोरगा ऐकून ऐकून सगळं पाठ करायचा. पण ऐकून शिकण्यालाही मर्यादा असते. आपण नोट्स न काढता, पुस्तक न उघडता नुसती लेक्चर्स ऐकून पेपर द्यायचा म्हटलं तर? एका सेमिस्टरमध्येच आपलं काय होईल ते सांगायला नको!

शेवटी गावातल्या मोठ्या माणसांच्या ओळखीने खटपट झाली आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत दाखल झाला. आणि इथून त्याचं हॉस्टेल लाइफ सुरू झालं.

हॉस्टेल कसलं! इमारत जुनी, ओल आलेली, अंधारी. राज्यक्रांतीच्या काळात तिथे कैदी ठेवले होते. शिस्त कडक. अभ्यासाबरोबर हातकामही असायचं. मुलं विणकाम करायची, सपाता बनवायची. आपण मेसच्या नावाने खडे फोडतो आणि बाथरूममध्ये गरम पाणी नाही म्हणून रेक्टर मॅडमकडे अर्ज देतो. त्या पोरांचे हाल वाचले की आपला अर्ज फाडून टाकावासा वाटतो. लुईला पुढे आयुष्यभर त्रास देणाऱ्या क्षयरोगाचं मूळ याच दमट इमारतीत असावं, असं अनेकांना वाटतं.

पण या शाळेत एक गोष्ट होती जी जगात फार थोड्या ठिकाणी होती. अंधांसाठी पुस्तकं! व्हॅलेंटिन अयुई या भल्या माणसाने १७८५ च्या सुमारास ही शाळा सुरू केली होती. अंध माणसांची जत्रेत चाललेली टिंगल बघून त्याचं मन हललं आणि त्यांना शिकवायचं त्याने ठरवलं. त्याची युक्ती अशी होती, की ओल्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांचे ठसे दाबायचे, म्हणजे कागदावर अक्षरं उठून दिसतात. ती बोटांनी वाचायची.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. अक्षर बोटाला कळावं म्हणून मोठं हवं. अक्षर मोठं म्हणून पानावर शब्द थोडे. शब्द थोडे म्हणून पुस्तक अवजड आणि महाग. म्हणून पुस्तकं अगदी मोजकी. शिवाय प्रत्येक अक्षराच्या कडेवरून बोट फिरवायचं. हा ए आहे की आर, हा ओ आहे की क्यू? वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ठसे छापखान्यात, त्यामुळे अंध मुलाला स्वतःला काहीच लिहिता येत नव्हतं. ना नोट्स, ना पत्र, ना हिशेब.

अयुईचा हेतू सोन्यासारखा होता, त्याबद्दल वादच नाही. पण त्याने रचना केली ती डोळ्यांना ओळखीच्या अक्षरांची. डोळ्यांना जे सोपं, तेच बोटांनाही सोपं असेल असं त्याने धरून चाललं. आम्ही ओढणी बांधून कॉरिडॉरमध्ये फिरलो तेव्हा आमचंही हेच झालं होतं. ओढणी सोडली की आम्ही पुन्हा डोळस!

१८२१ मध्ये शाळेत नवे संचालक आले. त्यांचं नाव पिन्ये. हे मुलांचं ऐकणारे होते. त्यांच्या काळात शार्ल बार्बिए नावाच्या माजी तोफखाना अधिकाऱ्याची एक पद्धत शाळेत पोचली. बार्बिए यांनी अक्षरांचे आकार सोडून सरळ ठिपके घेतले होते. (सैनिकांना रात्री दिव्याशिवाय निरोप वाचता यावेत म्हणून ही पद्धत निघाली, अशी गोष्ट बहुतेक पुस्तकांत आहे. अलीकडच्या अभ्यासकांना मात्र तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही.) त्यांनी फ्रेंच भाषेतले ३६ उच्चार घेऊन सहा ओळी आणि सहा रकाने असा तक्ता केला. कागदावर ठिपक्यांचे दोन उभे स्तंभ. डावीकडे ओळीच्या क्रमांकाएवढे ठिपके, उजवीकडे रकान्याच्या क्रमांकाएवढे. म्हणजे पाचव्या ओळीतला चौथा उच्चार लिहायचा तर डावीकडे पाच आणि उजवीकडे चार, एकूण नऊ ठिपके. थोडक्यात, ग्राफ पेपरवरचे कोऑर्डिनेट्स! सोबत त्यांनी लिहायचं साधनही दिलं होतं. खाचा असलेली पाटी, वर सरकणारी चौकट आणि टोचायला टोकदार कलम.

मुलं खूश झाली. ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो, हे त्यांना लगेच पटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतः काहीतरी लिहू शकत होती. पण वापरायला लागल्यावर उणिवा कळल्या. एका उच्चाराला बारापर्यंत ठिपके जायचे, ते एका बोटाखाली मावत नव्हते. बोट वरखाली फिरवून मोजत बसावं लागायचं. सगळं उच्चारावर, त्यामुळे स्पेलिंग नाही. विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीताची लिपी नाही. बार्बिए यांचा विचार असा होता, की ज्यांना शिकायची संधीच मिळाली नाही त्यांना पटकन लिहिता-वाचता यावं. पण या मुलांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. त्यांना व्याकरण हवं होतं, गणित हवं होतं, ऑर्गन वाजवण्यासाठी स्वरलिपी हवी होती. म्हणजे बघा, प्रश्न नेमका काय आहे हेच वापरणाऱ्यांनी बदलून टाकलं. बाहेरच्यांच्या दृष्टीने प्रश्न होता, अंधांना थोडंफार वाचता कसं येईल? मुलांच्या दृष्टीने प्रश्न होता, डोळस मुलगा जे जे लिहितो-वाचतो ते सगळं आम्हाला कसं करता येईल?

तेव्हा लुई बारा वर्षांचा होता. पुढची तीन वर्षं त्याने पाटी आणि कलम सोडलं नाही. दिवसा वर्ग आणि हातकाम, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर तो पलंगावर बसून ठिपके टोचायचा, असं त्याचे चरित्रकार लिहितात. लाइट बंद करायच्या नियमाचा त्याला काही फरक पडत नव्हता! सुट्टीत कुव्रेला गेला तरी पाटी सोबतच. एक मांडणी करायची, बोटांनी वाचून बघायची, पटली नाही की मोडायची. त्याला यूजर शोधायला कुठे बाहेर जायची गरज नव्हती. तो स्वतः यूजर, शेजारच्या पलंगावरचे यूजर, सगळं हॉस्टेलच यूजर. गाब्रिएल गोतिए आणि इपोलित कोल्ता हे त्याचे जिवलग दोस्त, दोघेही त्याच शाळेतले. नवीन पद्धत चालते की नाही हे कळायला अशा दोस्तांची बोटं लागतात. अक्षर बोटाखाली एका स्पर्शात आलं तर आलं, नाही तर रद्द. याला कुठलंही पीपीटी प्रेझेंटेशन चालत नाही.

१८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, पद्धत जवळजवळ तयार झाली. बाराचे सहा ठिपके. दोन स्तंभ, प्रत्येकात तीन. एवढा चौकोन बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावतो, बोट वरखाली न्यावं लागत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. बार्बिए यांच्या पद्धतीत ठिपके मोजायचे होते. लुईच्या पद्धतीत ठिपका कुठे आहे आणि कुठे नाही, हे ओळखायचं. सहा जागा, प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही. दोनाचा सहावा घात ६४, त्यातला पूर्ण रिकामा चौकोन वजा केला की ६३ चिन्हं. ठिपके निम्मे झाले आणि चिन्हं ३६ वरून ६३ वर गेली! आपण पहिल्या वर्षी बायनरी शिकताना घाम गाळतो, आणि या पोराने सहा बिटचा कोड बोटांसाठी तयार करून ठेवला होता.

रचनाही बघण्यासारखी आहे. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांतून बनतात. पुढच्या दहांसाठी तेच आकार घ्यायचे आणि खाली डावीकडे एक ठिपका वाढवायचा. त्यापुढच्यांसाठी खालचे दोन्ही ठिपके वाढवायचे. दहा आकार लक्षात ठेवले की बाकीचं आपोआप येतं. पुढे आकड्यांसाठीही तेच दहा आकार, फक्त आधी एक खूण की आता आकडा येतो आहे. लिफ्टच्या बटणांवर मी पाहिले ते हेच.

१८२९ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. शब्द, संगीत आणि चर्चमधलं गायन ठिपक्यांनी कसं लिहायचं, असा त्याचा विषय. त्यात त्याने बार्बिए यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये कोणाचं नाव आधी यावं यावर रूममेट्सचं बोलणं बंद होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं! या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर छोट्या आडव्या रेघाही होत्या. वापरताना लक्षात आलं, की कलमाने रेघ नीट उठत नाही. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेघा गेल्या, फक्त ठिपके राहिले. त्याच वर्षी संस्थेने फ्रान्सचा इतिहास तीन खंडांत ब्रेलमध्ये छापला. ते ब्रेलमधलं पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. आठ वर्षं वापर झाल्यावर आपल्याच कामात दुरुस्ती करायला मोठं मन लागतं.

दरम्यान लुई त्याच शाळेत आधी मदतनीस आणि १८३३ मध्ये पूर्ण वेळ शिक्षक झाला. ऑर्गन तर इतका सुंदर वाजवायचा, की पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली. पगार बेताचा, पण हात सढळ. त्याच्या मृत्यूनंतर एक पेटी निघाली, न उघडता जाळून टाकावी असं त्याने सांगून ठेवलं होतं. उघडल्यावर आत विद्यार्थ्यांना दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या सापडल्या, असं सांगतात. महिनाअखेरीला ज्याच्याकडे उसने मागता येतात असा मित्र हॉस्टेलला किती मोलाचा असतो, ते मी वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं झाल्यावर जग त्याच्या पाया पडलं असेल असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. डोळस शिक्षकांना ठिपके आवडत नव्हते. आम्हाला वाचता येत नाही ती लिपी मुलांनी का वापरायची, त्याने अंध मुलं समाजापासून आणखी तुटतील, असं त्यांचं म्हणणं. लुईने या आक्षेपावर नुसता वाद घातला नाही, तर तोही एक प्रश्न म्हणून सोडवायला घेतला. १८३९ मध्ये त्याने दुसरी पद्धत मांडली. तिच्यात ठिपके अशा रीतीने टोचायचे की नेहमीच्याच अक्षरांचा आकार तयार होतो. अंध माणूस लिहील आणि घरचे डोळ्यांनी वाचतील! फक्त काम फार किचकट होतं. मग पियेर फूको हा त्याच शाळेत शिकलेला, यंत्रात डोकं चालणारा अंध मित्र पुढे आला. दोघांनी मिळून विचार केला आणि फूकोने १८४१ च्या सुमारास दहा दांड्यांचं यंत्र बनवलं, ते अक्षराचे ठिपके पटापट उठवायचं. खर्र खर्र करत ठिपक्यांनी अक्षरं छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा पणजोबाच म्हणा ना! एकाने पद्धत दिली, दुसऱ्याने यंत्र दिलं. डोळस माणूस या जोडीत एकही नव्हता.

पण १८४० मध्ये पिन्ये यांना पदावरून जावं लागलं आणि द्युफो हे संचालक झाले. त्यांनी परदेशातली उठावाच्या अक्षरांची पद्धत आणली आणि ठिपके बंद केले. जुनी पुस्तकं जाळली, पाट्या-कलमं काढून घेतली, असं सांगतात. आणि मुलांनी काय केलं? गुपचूप लिहीत राहिली! मोठ्या मुलांनी लहानांना शिकवलं. पाटी नसली तरी टोकदार काहीतरी मिळायचंच. मला या सगळ्या चरित्रातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. लुई तेव्हा क्षयाने खंगलेला होता, मधूनमधून सुट्टी घेऊन गावी जात होता. त्याच्यात लढायची ताकद नव्हती. पद्धत टिकली ती हॉस्टेलच्या पोरांमुळे. एखादी वस्तू बंद केल्यावरही लोक चोरून वापरतात, तेव्हा समजायचं की ती त्यांच्या खऱ्या गरजेतून आलेली आहे. आमची काठी कोणी बंद केली असती तर आम्ही चौघींनीसुद्धा चोरून वापरली नसती!

शेवटी द्युफो यांचेच सहकारी जोसेफ ग्वादे यांना मुलांचं म्हणणं पटलं आणि त्यांनी वरिष्ठांचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ ला शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा पाहुण्यांसमोर ठिपक्यांच्या पद्धतीची माहिती देऊन प्रात्यक्षिक दाखवण्यात आलं. लुई ते सगळं ऐकू शकला, याचं मला फार बरं वाटतं. कारण पुढचं त्याला ऐकायला मिळालं नाही. ६ जानेवारी १८५२ ला, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, तो गेला. त्याच्या शाळेने पद्धत अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिची शिफारस केली. १९५२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, फ्रान्सने त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये थोरामोठ्यांच्या शेजारी नेल्या. कुव्रेच्या लोकांनी मात्र त्याचे हात आपल्या गावीच ठेवून घेतले. ज्या हातांनी हे सगळं केलं ते हात अजून त्या गावच्या मातीत आहेत.

आपल्याकडे हे ठिपके कसे आले? भारतात आधी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत होत्या. १९५१ मध्ये सर्वांसाठी मिळून 'भारती ब्रेल' ठरलं. त्यात मराठीतला क, कन्नडमधला क आणि बंगालीतला क, सगळ्यांना एकच चिन्ह. २००९ मध्ये लुईच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा भारत सरकारने त्याच्या चित्राचं दोन रुपयांचं नाणं काढलं. तुमच्या पाकिटात एखादं असेलही, बघा. आणि २०१९ पासून ४ जानेवारी हा संयुक्त राष्ट्रांतर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

आता शेवटी पुन्हा आमच्या काठीकडे येते. प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांनी आम्ही चौघी त्या काकांच्या घरी गेलो. लाजत लाजतच गेलो. काकूंनी पोहे केले. या वेळी सोबत काठी नेली नाही, फक्त वही नेली. काका कसे चालतात, कुठे थांबतात, काठी कशी धरतात, हे दोन तास ऐकलं आणि बघितलं. जमिनीवरचे खड्डे त्यांची साधी काठी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली ओळखते. त्यांना त्रास होतो तो वरून येणाऱ्या गोष्टींचा. खाली आलेली फांदी, टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया, दुकानाचं अर्धवट उघडं शटर. आमचा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर होता! निघताना त्यांनी माझं बोट धरून आपल्या ब्रेल पुस्तकातल्या 'किती' या शब्दावर ठेवलं. आपण लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चार मात्र नंतर करतो. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतरच येते. इतकी वर्षं मराठी लिहिते आहे, पण हे कधी जाणवलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या बोटाला त्या ठिपक्यांतलं काही म्हणजे काही कळलं नाही. काका हसले.

आता काठीतला बझर काढून मुठीत कंप देणारी छोटी मोटर बसवली आहे, सेन्सरची दिशा वर केली आहे. काकांनी ती दोनदा वापरून पाहिली. पहिल्यांदा जड झाली म्हणाले. दुसऱ्यांदा मूठ पावसात निसटेल म्हणाले. तिसऱ्याची तयारी चालू आहे. या वेळी रिपोर्टच्या पहिल्या पानावर आमच्या चौघींबरोबर त्यांचंही नाव असणार आहे, सल्लागार म्हणून नाही, तर टीममधले पाचवे म्हणून.

ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, लवकरच तुमचेही प्रोजेक्टचे ग्रुप पडतील. शेतकऱ्यांसाठी ॲप, आजीसाठी गोळ्यांचा डबा, मेसच्या मावशींसाठी पोळ्यांचं मशीन, असे विषय निघतील. विषय जरूर घ्या. पण टायटल फायनल करायच्या आधी एकदा त्या शेतकऱ्याकडे, त्या आजीकडे, त्या मावशींकडे जाऊन बसा. त्यांना ग्रुपमध्ये घ्या. ज्याच्या पायात काटा रुतला आहे त्यालाच तो नेमका कुठे आहे ते माहीत असतं. पॅरिसच्या ओलसर हॉस्टेलमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने हे सहा ठिपक्यांत दाखवून दिलं आहे.

आणि हो, उद्या लिफ्टमध्ये चढलात की ते ठिपके एकदा बोटाने चाचपून बघा. काही कळणार नाही. पण कळत नाही म्हणजे काय असतं, तेवढं तरी नक्की कळेल.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)